छपरावरची वीज: एका स्वस्ताईचा इतिहास

आम्ही पाचवीत होतो तेव्हा, म्हणजे १९९२ साली, आमच्या गावी चावडीसमोर एका योजनेतून सौर दिवा बसवला गेला. लोखंडी खांब, त्याच्या माथ्यावर निळसर काळे पॅनेल, खाली कुलूपबंद पत्र्याची पेटी आणि पेटीत बॅटरी. दिवस मावळला की ट्यूब आपोआप लागायची. गावात वीज होती, पण संध्याकाळी ती हमखास जायची. मग सगळ्या गावात चावडीपुढे तेवढा उजेड, आणि आम्ही मुले अभ्यासाच्या निमित्ताने तिथे. पहिला पावसाळा पार पडला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दिवा जेमतेम तासभर टिकू लागला, मग मिणमिणू लागला आणि दिवाळीच्या आधी बंद पडला. दुरुस्तीला कोणी आले नाही. "उन्हाची वीज काही खरी नाही," असा निकाल पारावर लागला आणि तो पुढे कित्येक वर्षे कायम राहिला.

२००४ साली एम.एस्सी. चालू असताना मे महिन्याच्या सुटीत गावी गेलो, तेव्हा पिशवीत मल्टिमीटर होता. खांब जागेवरच होता. शिडी लावून वर चढलो, फडक्याने धूळ पुसली आणि पॅनेलच्या दोन तारांना मीटर लावला. काटा १९ व्होल्टवर गेला. बारा वर्षे उन्हापावसात बेवारस पडलेले पॅनेल ठणठणीत होते. मेली होती ती बॅटरी. आम्ही शाळकरी मुलांना कोणी सांगितले नव्हते, आणि बहुधा ग्रामपंचायतीलाही, की त्या बॅटरीत दर काही महिन्यांनी शुद्ध पाणी घालावे लागते. निकाल लागला होता खरा, पण चुकीच्या आरोपीविरुद्ध!

पॅनेलच्या मागच्या पाटीवर मात्र २१ व्होल्ट लिहिले होते. उरलेले दोन व्होल्ट कुठे गेले, याचे उत्तर पुढे येईल.

वर्गात आपण विचारले की उन्हापासून वीज घरोघरी यायला इतका उशीर का झाला, तर मुले पटकन म्हणतात, "आधी शोध लागला नव्हता." शोधाची गोष्ट पाहू लागलो की हे उत्तर टिकत नाही. शोध पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. छपरावर बसवलेले पहिले पॅनेल एकशे चाळीस वर्षांपूर्वीचे आहे. मग मधल्या काळात झाले तरी काय?

सुरुवात १८३९ साली पॅरिसमध्ये झाली. एडमंड बेकेरेल हा एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. आम्लयुक्त द्रावणात प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या बुडवून, पट्टीवर चांदीच्या क्षाराचा थर देऊन त्याने उजेड पाडला, तेव्हा पट्ट्यांना जोडलेल्या तारेतून प्रवाह वाहू लागला. उजेड अडवला की प्रवाह थांबे. (हे घराणे नीट लक्षात ठेवावे. १८९६ साली किरणोत्सर्ग शोधून काढणारा हेन्री बेकेरेल हा या एडमंडचा मुलगा. विद्यार्थी हमखास गोंधळतात, कधीकधी आपणही.) परिणाम दिसला, पण त्याचे कारण सांगण्याची साधने त्या काळाकडे नव्हती. इलेक्ट्रॉन सापडायला अजून जवळजवळ साठ वर्षे होती.

पुढचा टप्पा समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींमुळे आला. विलोबी स्मिथ हे इंग्लंडमधले विद्युत अभियंते केबलींची तपासणी करण्यासाठी खूप मोठा रोध असलेला पदार्थ शोधत होते. त्यांनी सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. पण मोजणी काही केल्या जुळेना. कांड्यांच्या पेटीचे झाकण बंद असेल तर एक आकडा येई, उघडे असेल तर दुसरा. उजेडात सेलेनियमचा रोध कमी होतो, हे त्यांनी १८७३ साली जाहीर केले. हे निरीक्षण प्रथम त्यांचे सहायक जोसेफ मे यांच्या नजरेस आले होते. त्यानंतर तीन वर्षांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजातले प्राध्यापक विल्यम ग्रिल्स अ‍ॅडम्स आणि त्यांचे विद्यार्थी रिचर्ड डे यांनी दाखवले की सेलेनियमला बाहेरची बॅटरी मुळीच न जोडता, नुसत्या उजेडाने त्यात प्रवाह सुरू होतो. हलणारा भाग नाही, वाफ नाही, द्रावण नाही. घन पदार्थावर उजेड पडतो आणि वीज निघते.

इथे जरा आडवाट घेऊ. त्याच सुमारास विल्यम अ‍ॅडम्स नावाचे आणखी एक गृहस्थ उन्हाच्या मागे लागले होते, आणि ते राहत होते आपल्या मुंबईत. ते उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार होते. लाकूडफाटा आणि कोळसा महाग, ऊन मात्र रग्गड, मग वाफेचे इंजिन उन्हावर का चालवू नये, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी मधल्या कुलाब्यातल्या आपल्या आवारात बरेचसे छोटे सपाट आरसे एका चौकटीवर बसवले आणि त्या सर्वांचे कवडसे एका बॉयलरवर पाडले. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन दोन आठवडे चालवून लोकांना दाखवले. सूर्य सरकेल तशी आरशांची चौकट माणसाने सरकवायची. आरसे जडवलेली एक चूलही त्यांनी केली होती. तीवर सात शिपायांचे जेवण जानेवारीच्या उन्हात दोन तासांत शिजले. हे सर्व त्यांनी १८७८ साली मुंबईत छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. आज स्पेनमध्ये शेकडो सपाट आरसे एका मनोऱ्यावर ऊन एकवटतात, त्या रचनेची कल्पना कुलाब्याच्या आवारात हजर होती. पण ही उन्हाच्या उष्णतेची गोष्ट. उन्हापासून थेट वीज, हे वेगळे प्रकरण. दोन्हींना आपण सरसकट 'सौर ऊर्जा' म्हणतो आणि मग घोटाळे होतात. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी १९७९ साली व्हाइट हाउसच्या छतावर बसवलेली पॅनेल पुष्कळांना विजेची वाटतात. ती पाणी तापवण्याची होती. आपल्या सोसायट्यांच्या गच्चीवरचे पाण्याचे बंबही त्याच जातीचे. त्यांना विजेशी देणेघेणे नाही.

आता न्यूयॉर्कला जाऊ. तिथे चार्ल्स फ्रिट्स याने १८८३ च्या सुमारास धातूच्या पत्र्यावर सेलेनियमचा पातळ थर पसरला आणि वर सोन्याचा इतका तलम मुलामा दिला की त्यातून उजेड आरपार जावा. अशा पट्ट्या जोडून त्याने १८८४ साली छपरावर मांडल्या. हे जगातले पहिले छपरावरचे सौर पॅनेल. त्याने आपल्या पट्ट्या जर्मनीत वेर्नर फॉन सीमेन्स यांच्याकडे पाठवल्या आणि या नामांकित विद्युत अभियंत्याने त्यांची थोरवी जाहीरपणे मान्य केली. त्याच न्यूयॉर्क शहरात १८८२ च्या सप्टेंबरात एडिसनचे पर्ल स्ट्रीटचे कोळशावरचे वीज केंद्र सुरू झाले होते. म्हणजे कोळशाची वीज आणि उन्हाची वीज यांची शर्यत एकाच गावात, जवळपास एकाच वेळी सुरू झाली. ती का हरली हे कळायला साधे गणित पुरते. भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊन पडते. फ्रिट्सच्या पट्ट्यांची कार्यक्षमता एक टक्क्याहून कमी. म्हणजे एक चौरस मीटर पट्टीतून दहा वॅटही नाहीत. आणि त्यावर सोने मढवायचे!

शिवाय ही वीज नेमकी येते कशी, हे कोणालाच सांगता येत नव्हते. कारण कळत नसलेल्या यंत्राला सुधारता येत नाही. प्रकाशाची ऊर्जा पुंजक्यांच्या रूपात असते आणि एक पुंजका एकाच इलेक्ट्रॉनला आपली ऊर्जा देतो, हे आइनस्टाइनने १९०५ साली मांडले, तेव्हा कोड्याचा एक तुकडा हाती आला. इकडे कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक रेडिओ लहरी टिपण्यासाठी वापरला होता, आणि तो स्फटिक उजेडालाही प्रतिसाद देतो, हे त्यांनी पाहिले होते. त्याचे अमेरिकन पेटंट १९०४ चे. घन स्फटिकांच्या आत काय चालते, याचे शास्त्र उभे राहायला मात्र आणखी तीस वर्षे गेली.

मग एक तडा कामी आला. १९४० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रसेल ओल सिलिकॉनच्या एका कांडीचा अभ्यास करीत होते. कांडीत मध्येच एक तडा होता. टेबलावरच्या दिव्याचा उजेड पडताच तिच्यातून चक्क अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब मिळू लागला. सेलेनियमच्या मानाने हा परिणाम फारच ठळक होता. सिलिकॉनचा रस गोठताना त्यातल्या सूक्ष्म भेसळी एकसारख्या पसरल्या नव्हत्या. कांडीच्या एका भागात एका प्रकारची भेसळ जास्त झाली, दुसऱ्या भागात दुसऱ्या प्रकारची, आणि दोहोंच्या सीमेवर, नेमक्या तड्यापाशी, तो करामती पडदा तयार झाला होता.

या पडद्यापाशी थोडे थांबू, कारण सगळा खेळ इथे आहे. सिलिकॉनच्या अणूला शेजाऱ्यांशी हात गुंफायला चार इलेक्ट्रॉन असतात. त्यात फॉस्फरससारखा पाच इलेक्ट्रॉनवाला पाहुणा मिसळला तर एक इलेक्ट्रॉन मोकळा उरतो. बोरॉनसारखा तीनवाला मिसळला तर एक जागा रिकामी राहते. पहिल्याला एन प्रकारचे सिलिकॉन म्हणतात, दुसऱ्याला पी प्रकारचे. दोन्ही जिथे भिडतात त्या सांध्यावर काही इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागा भरतात आणि त्यामुळे सांध्याच्या दोन बाजूंना विरुद्ध विद्युतभार तयार होऊन मध्ये एक कायमचा विद्युतक्षेत्राचा उतार बनतो. प्रकाशाने सांध्याजवळ एखादा इलेक्ट्रॉन जागेवरून उठवला की हा उतार त्याला एका बाजूला घरंगळवतो आणि त्याच्या रिकाम्या जागेला दुसऱ्या बाजूला. उजेड नुसता इलेक्ट्रॉन उठवतो. त्याला दिशा देतो तो सांधा. सांधा नसेल तर उठलेला इलेक्ट्रॉन थोडा भटकून परत आपल्याच किंवा दुसऱ्याच्या जागी बसेल आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाईल.

हे वर्गात पाहता येते, आणि खर्च पाच रुपयांच्या आत. लाल रंगाचा एक साधा एलईडी घ्यावा, त्याच्या दोन पायांना मल्टिमीटर लावावा आणि तो उन्हात धरावा. बॅटरी न जोडता सुमारे दीड व्होल्ट दिसतो, कारण एलईडीही पी-एन सांधाच आहे. एरवी विजेचा उजेड करतो, इथे उजेडाची वीज करतो. पुढची गंमत मुलांना स्वतः शोधू द्यावी. लाल एलईडीवर हिरवा उजेड टाकला तर तो प्रतिसाद देतो. हिरव्या एलईडीवर लाल उजेड टाकला तर देत नाही. हिरव्या एलईडीत इलेक्ट्रॉन उठवायला जितकी ऊर्जा लागते तितकी लाल उजेडाच्या एका पुंजक्यात नसते. पुंजके कितीही ओतले तरी उपयोग नाही. आइनस्टाइनचा १९०५ चा विचार तपासायला याहून सोपा प्रयोग आम्हाला ठाऊक नाही.

बेल प्रयोगशाळेत पुढे काय झाले ते पाठ्यपुस्तकांत असते. डॅरिल चेपिन यांच्यापुढे एक व्यवहारी अडचण होती: उष्ण, दमट प्रदेशांत टेलिफोनच्या यंत्रणेतल्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत. त्यांनी सौर वीज आजमावायचे ठरवले आणि सेलेनियमने सुरुवात केली. हाती आला जेमतेम अर्धा टक्का. त्याच इमारतीत कॅल्विन फुलर सिलिकॉनमध्ये नेमकी हवी तेवढी भेसळ कशी मुरवायची, यावर काम करीत होते आणि जेराल्ड पिअर्सन त्या सिलिकॉनचे गुण तपासत होते. पिअर्सन हे चेपिन यांचे मित्र. त्यांनी सेलेनियम सोडायचा सल्ला दिला. तिघांच्या कामातून ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉनचा सौर घट तयार झाला आणि २५ एप्रिल १९५४ रोजी त्यावर एक खेळण्यातला पाळणा फिरवून पत्रकारांना दाखवण्यात आला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर बातमी होती.

इथे बहुतेक पुस्तकांतली गोष्ट संपते. आमच्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते.

चेपिन हे प्रामाणिक गृहस्थ. त्यांनी हिशेब मांडला. एक वॅटचा सौर घट पडत होता २८६ डॉलरला. अमेरिकेतल्या एका मध्यम घराला त्या काळी पाच किलोवॅटची सोय करायची तर १९५६ साली १४ लाख ३० हजार डॉलर लागले असते. तेव्हाच्या दराने हे साधारण ६८ लाख रुपये. जॉर्जिया राज्यात अमेरिकस या गावी १९५५ साली टेलिफोनच्या एका खेडेगावातल्या लाइनवर सौर घट बसवून पाहिले गेले. ते चालले, पण परवडले नाहीत.

याउलट आजचा हिशेब. घरगुती सौर विजेचे अनुदान ठरवताना केंद्र सरकारने २०२४ साली पहिल्या दोन किलोवॅटांसाठी किलोवॅटमागे ५० हजार रुपये खर्च धरला, त्यापुढे ४५ हजार. त्यात पॅनेल, इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, तारा, मजुरी सगळे आले. म्हणजे चेपिन यांच्या पाच किलोवॅटला अडीच लाखांच्या आत. नुसते पॅनेल धरले तर घसरण याहून मोठी आहे. २०२४ साली जगाच्या बाजारात पॅनेल वॅटमागे पंधरा सेंटच्या आसपास, कधी त्याहूनही खाली मिळत होते. २८६ डॉलरवरून पंधरा सेंट म्हणजे सुमारे एकोणीसशे पट स्वस्त. मधल्या काळात डॉलरची किंमतही घटली आहे, ती धरली तर वीस हजार पटींहून अधिक.

आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. १९५४ चा घट ६ टक्के कार्यक्षम होता. आज छपरावरचे चांगले पॅनेल २० ते २३ टक्के आहे. जेमतेम चौपट. आणि यापुढे फार उडी मारायलाही जागा नाही. सूर्यप्रकाशातले काही पुंजके सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन उठवायला अपुरे पडतात, ते वाया जातात. काहींकडे गरजेपेक्षा जास्त ऊर्जा असते, ती जादा ऊर्जा उष्णता होते. या हिशेबाने एका सांध्याच्या घटाला साधारण एक तृतीयांशाच्या पुढे जाता येत नाही, हे शॉकली आणि क्वायसर यांनी १९६१ सालीच दाखवून दिले. म्हणजे वीस हजार पट स्वस्ताईत कार्यक्षमतेचा वाटा फक्त चौपटीचा. बाकीची कुठून आली?

आमचे उत्तर असे की ती गिऱ्हाइकांकडून आली. प्रत्येक टप्प्यावर त्या वेळची किंमत परवडणारा कोणी तरी भेटत गेला, त्याच्यासाठी कारखान्यात चार गोष्टी शिकल्या गेल्या, किंमत थोडी उतरली आणि पुढचा गिऱ्हाईक दिसू लागला.

पहिला गिऱ्हाईक आकाशातला. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सोडला. जेमतेम दीड किलोचा, पपनसाएवढा. त्यात दोन रेडिओ प्रक्षेपक होते: एक बॅटरीवरचा, दुसरा सहा सौर घटांवरचा. सौर घट लावावेत असा लष्करातल्या हान्स झीग्लर यांचा आग्रह होता. नौदलाला त्याची खात्री वाटत नव्हती. बॅटरीवरचा प्रक्षेपक जूनमध्ये मुका झाला. सौर घटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. सोव्हिएत संघानेही १९५८ च्या मे महिन्यात स्पुटनिक-३ वर सौर घट बसवले होते. अवकाशात कोळसा पोचवता येत नाही आणि बॅटरी बदलायला माणूस जात नाही. तिथे वॅटला शेकडो डॉलर हा भावच नव्हे. त्यानंतर दहा-बारा वर्षे हा धंदा उपग्रहांवर जगला, आणि उपग्रहांना किमतीची पर्वा नसल्याने फारसा स्वस्तही झाला नाही.

दुसरा गिऱ्हाईक ऐकून हसू येते. तेल कंपन्या! एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक्झॉन कंपनीच्या पाठबळावर काम सुरू केले. जमिनीवरच्या घटाला उपग्रहाचे लाड कशाला, असा त्यांचा विचार. इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने नापास केलेल्या सिलिकॉनच्या चकत्या त्यांनी वापरल्या. घट बनवायला त्या पुरेशा चांगल्या होत्या. वॅटमागे शंभर डॉलरचा भाव वीसपर्यंत उतरला. १९७३ साली निघालेल्या त्यांच्या सोलर पॉवर कॉर्पोरेशनचे घट मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर गेले. तिथे जहाजांना इशारा देणारे दिवे असत आणि त्यांच्या जड बॅटऱ्या बोटीने नेऊन बदलाव्या लागत. एका फेरीचा खर्च पाहता वीस डॉलरचा वॅट स्वस्त पडे.

तिसरा गिऱ्हाईक आपण सगळे. १९८० च्या सुमारास जपानी कंपन्यांनी स्फटिक नसलेल्या सिलिकॉनचा पातळ थर असलेली पट्टी गणकयंत्रांवर बसवली. तिची कार्यक्षमता कमी, पण खोलीतल्या ट्यूबच्या उजेडातही ती काम देई. (आजच्या पुष्कळ स्वस्त गणकयंत्रांवर मात्र ही पट्टी नुसती शोभेची असते. ती अंगठ्याने झाकून पाहावी. आकडे फिके झाले नाहीत तर आत बटणाची बॅटरी आहे. वर्गातली सगळी गणकयंत्रे अशी तपासायला दहा मिनिटे लागतात.)

भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ साली देशी सौर घट आणि पुढच्याच वर्षी पॅनेल तयार केले. आमच्या चावडीवरचा दिवा या पिढीतला. त्या पॅनेलमध्ये ३६ घट एकापुढे एक जोडलेले होते. आकडा ३६ च का? एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी भरायला सुमारे १४ व्होल्ट लागतात, आणि ऊन तापलेले असतानाही तेवढे मिळाले पाहिजेत. म्हणून पदरी शिल्लक ठेवून ३६. आणि आता ते हरवलेले दोन व्होल्ट. पाटीवरचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो. घट एक अंशाने तापला की त्याचा दाब सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो. मे महिन्याच्या दुपारी काळे पॅनेल सहज ५५ अंशांवर जाते. ३० अंश जास्त, घट ३६, गुणाकार करून पाहावा. घटाला ऊन हवे असते, उष्णता नको असते. त्यामुळे वैशाखापेक्षा फाल्गुनातली थंड, निरभ्र दुपार अनेकदा जास्त वीज देते.

त्या काळातली एक गोष्ट आम्हाला अजून खटकते. वीज न पोचलेल्या वस्तीतल्या माणसासाठी सौर दिवा हा एकमेव पर्याय म्हणून पुढे केला जाई आणि जगात सर्वांत महाग युनिट त्याच्याच वाट्याला येई: पॅनेल महाग, बॅटरी दर तीन-चार वर्षांनी नवी, दुरुस्तीवाला तालुक्यालाही नाही. बंगळूरला १९९५ साली हरीश हांडे यांनी सहकाऱ्यासह सेल्को ही कंपनी काढली, तेव्हा त्यांनी दिव्याइतकेच लक्ष बँकेच्या कर्जाकडे आणि गावाजवळच्या दुरुस्ती केंद्राकडे दिले. एकरकमी किंमत न परवडणाऱ्या कुटुंबाला रॉकेलच्या खर्चाएवढा हप्ता परवडतो, हे त्यांना कळले होते. २०११ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या गावच्या दिव्याला पाणी घालणारा एक माणूस नेमला असता तर तो दिवा जगला असता, हे त्यांची हकीकत वाचताना वारंवार मनात आले.

किमतीची मोठी घसरण मात्र वेगळ्याच घरांमुळे झाली. जपानने १९९४ साली घरांच्या छपरांसाठी अनुदान सुरू केले. जर्मनीने २००० साली कायदा करून छपरावरची वीज वीस वर्षे ठरलेल्या दराने विकत घेण्याची हमी दिली. सुरुवातीचा दर युनिटला ९९ फेनिग, म्हणजे तेव्हाचे वीसएक रुपये! जर्मनीत ऊन ते किती? एक किलोवॅट पॅनेल तिथे वर्षाला हजार युनिटांच्या आसपास देते. आपल्याकडे चौदाशेच्या पुढे. तरीही तिथल्या लाखो घरांनी पॅनेल लावली आणि त्याचा भार सर्व वीज ग्राहकांच्या बिलांवर पडला. सगळ्या जगाची शिकवणीची फी जणू जर्मन बिलांतून भरली गेली. ही मागणी पुरवायला चीनमध्ये कारखाने उभे राहिले. सिडनीत मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले शी झेंगरोंग यांनी २००१ साली वूशी शहरात सनटेक कंपनी काढली. शुद्ध सिलिकॉनचा तुटवडा पडून २००८ साली त्याचा भाव किलोला ४०० डॉलरच्या आसपास गेला. मग शुद्धीकरणाचे प्रचंड कारखाने निघाले आणि भाव कोसळला. चकत्या पातळ झाल्या, हिरे जडवलेल्या तारेने कापल्या जाऊ लागल्याने भुसा कमी पडू लागला, वरच्या बाजूची चांदीची रेघ बारीक झाली. यातल्या एकाही गोष्टीला कोणी 'शोध' म्हणणार नाही. पण उत्पादनाची एकूण बेरीज दुप्पट झाली की किंमत सुमारे एक पंचमांशाने उतरते, असा नियमच यातून दिसून आला; रिचर्ड स्वॉनसन यांच्या नावाने तो ओळखला जातो. आज पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे, आणि तिथल्या शुद्धीकरणाला लागणारी वीज बरीचशी कोळशाची, हेही याच इतिहासात मांडले पाहिजे. आपल्या उन्हात पॅनेल ती ऊर्जा साधारण वर्षभरात फेडते आणि पुढे पंचवीस वर्षे देत राहते.

आपल्याकडच्या घरमालकाला खरी मोकळीक मिळाली ती नेट मीटरिंगने. महाराष्ट्रात २०१५ साली त्याचे नियम झाले. दिवसा जादा झालेली वीज जाळ्यात द्यायची, रात्री परत घ्यायची, मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. चावडीचा दिवा ज्या बॅटरीपायी मेला, ती बॅटरीच रद्द झाली. सगळे वीजजाळे आपली बॅटरी बनले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. तीन किलोवॅट म्हणजे दिवसाला सरासरी बारा युनिट, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. स्वतःचे छप्पर असलेल्या मध्यम घराला एवढे पुरून उरते. भाड्याने राहणाऱ्याला, चाळीत किंवा फ्लॅटच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला मात्र छप्परच नसते. आणि जाळ्यातली वीज गेली की हे घरही अंधारात जाते, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. ही गोष्ट पॅनेल विकणारे आधी सांगत नाहीत, आणि गिऱ्हाईक पहिल्या भारनियमनाला चिडते.

चावडीवरचे पॅनेल आम्ही नंतर ग्रामपंचायतीच्या परवानगीने उतरवून गावच्या शाळेला दिले. विज्ञानाच्या बाईंनी ते मैदानाकडच्या कट्ट्यावर ठेवले आहे. गेल्या एप्रिलमध्ये आठवीच्या मुलांनी दिवसभर दर तासाला दाब आणि प्रवाह मोजला. पाटीवर प्रवाह २.३ अँपिअर आहे, त्यांना भर दुपारी १.८ मिळाला, तीस वर्षांत एवढी झीज. दाब सकाळी आठला २०, दुपारी एकला साडेअठरा. एका मुलीने पाठीमागून ओले फडके लावून ठेवले, तेव्हा काटा हळूहळू वर चढू लागला, आणि बाईंनी तिलाच फळ्यावर जाऊन दोन मिलिव्होल्ट गुणिले ३६ करायला सांगितले.